शंकू, जलधि, अंत्य

ऐका, पण हसायचं नाही. चांगल्या धडधाकट माणसाच्या दारात मी जीप भरून रडणारी माणसं पाठवली. तीही गणित शिकवताना!

मी आंजीला एका शाळेत शिकवतो. कोटीच्या पुढची अब्ज, खर्व, निखर्व ही जुनी नावं वर्गाला पाठ व्हावीत म्हणून एका सकाळी ती मोबाइलवर रेकॉर्ड करायला बसलो. महापद्मापर्यंतचा तुकडा वर्गाच्या ग्रुपवर गेला. दुसरा सुरू केला, "शंकू... जलधि... अंत्य..." आणि स्वयंपाकघरातून मिरचीच्या फोडणीचा असा ठसका आला म्हणता! डोळ्यांत पाणी, आवाज कापरा. मध्य आणि परार्ध घशातच राहिले. त्या गडबडीत हा तुकडा गेला थेट नातेवाइकांच्या ग्रुपवर! मला कुठे पत्ता? फोन बंद करून मी शाळेत.

आता आमचे एक मामा आहेत शंकरराव. हिंगणीला वांगी, टमाटर लावतात. सगळे त्यांना काय म्हणतात? शंकू!

नाचणगावच्या मावशीनं ऐकलं, "शंकू... जल्दी... अंत्य..." आणि वर माझा हुंदका. झालं!

"शंकू गेला व माय! अंत्यविधीले जल्दी या म्हणून राह्यला गजू!"

दुपारी फोन उघडतो तर मावशीचेच वीस कॉल. घाबरतच लावला.

"मावशी, कुठी हायेस?"

"हिंगणीले, वावरात! हार घेऊन आलो, तं हा वांगे तोडून राह्यला! मलेच इचारते, काऊन रडतं बाई, कोन मेलं?"

"मंग?"

"मंग काय! सांगतलं, तूच!"

"मावशी, ते आकडे होते व! अंत्य म्हंजे एकावर पंधरा शून्य."

"ते पंधराही तुह्या डोक्यात हायेत!"

मग मामांनी फोन घेतला. मी शिव्यांची तयारी ठेवली. पण आवाज एकदम शांत.

"गजू, मले राग नाई आला. कोन कोन रडते, ते डोळ्यानं पाह्यलं. आता सारे भरीत खाऊन राह्यले. पन नाचणगाव आलं, पुलगाव आलं, सख्खा भाचा काऊन नाई आला?"

"मामा, तुमी जित्ते हा, हे मले माईत होतं ना!"



"म्हंजे मी मेल्याबिगर तू येतच नाई?"