मुंग्यांचा वशिला

हसणार नसाल तर सांगतो. हसलात तरी हरकत नाही म्हणा, आमच्या घरात त्या दिवसापासून हसणंच चालू आहे, त्यात तुमची भर!

आंध्र अजून अखंड होता तेव्हाची गोष्ट. मी आदिलाबादला सरकारी कचेरीत हेडक्लार्क. बदल्यांची यादी निघायची होती आणि तीत माझ्या नावापुढे श्रीकाकुळम लिहिलंय अशी कुणकुण लागली. श्रीकाकुळम! राज्याचं पार दुसरं टोक. तिथून ओरिसा हाकेच्या अंतरावर आणि आदिलाबाद परदेशात! पोरगी दहावीत, बायको इथल्या शाळेत मास्तरीण. माझी तर झोपच उडाली.

त्या यादीवर सही आमच्या साहेबांची. साहेब राजमंड्रीकडचे, माणूस कडक. अशात एक दिवस त्यांनीच मला बोलावलं.

"रविवार को हमारी शादी के पच्चीस साल. मॅडम को वाइन पसंद है. मगर वो ड्राय वाली नहीं, उससे उनका मुंह कसैला होता है. मीठी चाहिए. यहां मिलेगी क्या?"

कुठून मिळणार? आमच्याकडे दारूच्या दुकानावर पाटी 'वाईन्स', आत सगळं काही, फक्त वाईन नाही!

मी गप्प बसावं की नाही? पण डोळ्यांपुढे श्रीकाकुळम. तोंडातून निघून गेलं, "सर, मैं लाता! मेरा साडू नाशिक में है. वाइन में अपना हाथ बैठा हुआ है."

हात बसलेला! अहो, मी बौद्ध घरातला. पाचवं शील म्हणजे नशापाणी नाही, आणि माझे वडील नेमकं तेच शील सगळ्यात मोठ्यानं म्हणायचे. वाईन मी आयुष्यात फक्त चित्रात पाहिली होती.

साडूंनी इकडे येणाऱ्या एका माणसाबरोबर तीन बाटल्या पाठवल्या. फोनवर म्हणाले, "दोन ड्राय आहेत, एक गोड. लेबल वाचा, कळेल." वाचली लेबलं. अक्षरं इंग्रजी, पण शब्द कुठल्या मुलखाचे कोण जाणे. पुन्हा फोन करून विचारता आलं असतं. पण साडूला विचारायचं? त्यापेक्षा श्रीकाकुळम बरं!

बाटल्यांपुढे बसलेला पाहून बायको म्हणाली, "काऊन असे बसून राह्यले? थेंबभर जिभीवर ठेवून पाहा नं."

"अन् शील?"

"मंग मुंग्याईले पाजा!" ती वैतागून म्हणाली आणि कणीक मळायला लागली.

मुंग्या! वा! गोड काय आणि तुरट काय, मुंगीइतकं कुणाला कळतं?

पण बाटली फोडली तर ती भेट कशी द्यायची? तेव्हा शेजारचे देवतळेभाऊ धावून आले. ते ढोरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. म्हशीला टोचायची लांबलचक नवी सुई त्यांनी एकेका बुचातून आरपार घातली आणि तिन्ही बाटल्यांतून थोडी थोडी वाईन ओढून काढली. बाहेरून कुणाला पत्ता लागू नये अशी सफाई! बाटलीला थोपटून म्हणाले, "झालं वं बाई, दुखलं नाई."

रॅकवरच्या दोन बश्या घेतल्या, टेबलावरची आणखी एक पंच्यानं पुसून घेतली. एकेका बाटलीची वाईन एकेकीत ओतली, बाटल्यांना आणि बश्यांना एक-दोन-तीन नंबर दिले, बश्या मागच्या अंगणात ओळीनं मांडल्या आणि मी अन् देवतळेभाऊ उकिडवे बसलो.

"आल्या, आल्या!"

"कुठी?"

"दोन नंबरवर!"

काय सांगू तुम्हाला, अख्ख्या आदिलाबादच्या मुंग्या लोटल्या त्या बशीवर. तीनकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. एक नंबरकडे एक चुकार मुंगी गेली होती, पण गर्दी पाहून तीही दोनकडे वळली. निकाल लागला! दोन नंबरला चमकी कागद लावला, आणि उरलेल्या दोन बाटल्या सुईचं बक्षीस म्हणून देवतळेभाऊंना देऊन टाकल्या.

रविवारी साहेबांचा बंगला पाहुण्यांनी भरलेला. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, "हमारे एक्स्पर्ट ने चुनी है!" मॅडमनी भरवशानं मोठा घोट घेतला. डोळे मिटले. उघडले. ग्लास खाली ठेवला आणि स्वयंपाकघराकडे पाहून तेलुगूत ताक मागवलं.

"ये मीठी है?" साहेब.

"मीठी ही है, सर."

"तुमने चखी?"

"नहीं सर, मैं पीता नहीं."

"फिर चुनी किसने?"

"सर... चींटियों ने."

एवढ्या माणसांत कुणी म्हणजे कुणी हसलं नाही हो! मी जेवण न करताच सटकलो.

घरी आलो तर देवतळेभाऊ दारात, एकदम खुशीत. "भाऊ, तीन नंबर तं बेकार निघाली, पण एक नंबर गुळाच्या पाकावानी गोड होती जी! साडूले अजून मांगा!"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "दोन नंबरची बशी टेबलावरची होती नं? तिच्यात त्या दिवशी चा कोन वतून पेला? चार चमचे साखरेचा?"

मीच.

"धुतली होती?"

"पुसली होती..."

सोमवारी साहेबांनी बोलावलं. टेबलावर बदल्यांची यादी, हातात लाल पेन. आता लपवून काय उपयोग? सुई, बशी, चहा, सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी शांतपणे विचारलं, "मतलब, चींटियां सही थीं?"

"जी सर."

"गलती तुम्हारी थी?"

"जी सर."

त्यांनी माझ्या नावावर आडवी रेघ मारली. श्रीकाकुळम रद्द!

"तुमको तो भेज दूं," साहेब म्हणाले, आणि तेव्हा कुठे त्यांच्या मिशीत हसू दिसलं, "मगर चींटियां श्रीकाकुळम नहीं आएंगी. अगले साल वाइन वही चुनेंगी. तुम सिर्फ प्लेट धोना."

वीस वर्षं बिनडाग नोकरी केली मी, आणि वशिला लागला तो मुंग्यांचा! तेव्हापासून साहेबांच्या लेखी वाईनचे जाणकार आमच्या मागच्या अंगणात राहतात. मी त्यांच्या हाताखाली बश्या धुतो.