अजून थोडी मोठी

रुग्णालयाच्या औषधभांडारात नाना सव्वीस वर्षं डोळ्यांत तेल घालून काम करत आले होते, आणि आता डोळेच दगा देत होते. चष्म्याने यापुढे काही होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. नानांनी ते बायकोलाही कळू दिलं नव्हतं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. तेवढं कसंबसं रेटायचं.

रेटत होतेही. भांडारातला कॉम्प्युटर लिनक्सवर चालायचा. काळ्या स्क्रीनवर नुसती पांढरी अक्षरं, आणि कुठल्या ओळीत काय येतं ते नानांना तोंडपाठ. पण जुना मॉनिटर जळाला, नवा ऐसपैस मॉनिटर आला आणि अक्षरं मुंगीएवढी झाली. तरणेताठे कारकूनही स्क्रीनला नाक लावून बसू लागले. खरं सांगायचं तर नानांना हायसं वाटलं. दोष मॉनिटरचा ठरला की आपल्याकडे कोण बघतंय?

दुरुस्तीला एक मुलगी आली.

"रिझोल्यूशन कमी केलं की अक्षरं मोठी होतात, काका." तिने एका फाइलमधले आकडे बदलले, मशीन बंद करून चालू केलं. "आता?"

"अजून थोडी मोठी."

पुन्हा आकडे, पुन्हा बंद-चालू.

"आता?"

"अजून थोडी."

तिसऱ्या खेपेला तिने हात टेकले. "सहाशे चाळीस बाय चारशे ऐंशी. याच्या खाली हे जात नाही. वाचा बघू पहिली ओळ."

नाना पुढे वाकले. समोर नुसतं पांढरट काहीतरी होतं.

"औषधभांडार, साठा नोंद," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "खाली तारीख."

मुलगी कारकुनांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "काका, तुमचा प्रोग्राम मी अजून सुरूच केला नाहीये."

तेवढ्यात खिडकीशी नर्स आली. "नाना, मुलांच्या वॉर्डात तापाचं औषध हवंय. एक बाटली द्या."

नानांचा हात सवयीने तिसऱ्या फळीवर गेला. कित्येक महिने ते असेच जागेच्या अंदाजाने औषधं देत होते, आणि एवढ्या दिवसांत प्रथमच त्यांना स्वतःच्या हाताची भीती वाटली. बाटली घेऊन ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी ती मुलीपुढे धरली.

"एवढं जरा वाच गं. मला दिसत नाही."

आवाज हळू ठेवायचं त्यांना सुचलं नाही. कारकुनांनी माना वर केल्या. मुलीने लेबल वाचलं, बाटली जागेवर ठेवली आणि शेजारची काढून नर्सला दिली.