कापसाची रीडिंग

मी बावीस वर्षं लातुरात बारावीला फिजिक्स शिकवलं, आणि बावीस वर्षं पोरांना एकच विद्या दिली: आधी उत्तर, मग रीडिंग. प्रॅक्टिकलच्या जर्नलात लंबकाचं उत्तर किती यायला पाहिजे, हे पोरांना पाठ असायचं. तिथून सुरुवात करायची आणि उलटं चालत मागे यायचं. एखादा आकडा मुद्दाम जरा इकडंतिकडं करायचा, म्हणजे तपासणाऱ्याला खरं वाटतं. हे मीच सांगायचो, आणि वर म्हणायचो, "लंबक हलवत बसलास तर वर्ष जाईल, बाबा." पोरं हसायची. त्यातली कितीतरी डॉक्टर झाली, त्यामुळं आपलं काही चुकतं असं वाटायचं कारणच नव्हतं.

मग आमच्या क्लासेसमध्ये नवी मास्तर मंडळी आली. कानाला माईक, मागे मोठा पडदा. मी फळ्यावर आकृती काढेपर्यंत त्यांचा अर्धा धडा व्हायचा. कुणी जा म्हणालं नाही, पण माझी बॅच सकाळच्या सहाला ढकलली, तेव्हा मी काय ते समजलो. शहराबाहेर नवी शाळा निघाली होती, इंग्लंडच्या पद्धतीची. परीक्षा तिकडची, अभ्यासक्रम तिकडचा. त्यांना फिजिक्सचा माणूस पाहिजे होता. राहायला शाळेच्या आवारातच एक खोली मिळाली. बायको नांदेडला बँकेत, तिची बदली होईना. मी शुक्रवारी नांदेडला जायचो आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत यायचो. मधले चार दिवस माझ्याशी बोलायला भिंत होती.

खोटं कशाला सांगू, त्या शाळेत मी एकटा पडलो. शिक्षक कुणी केरळचे, कुणी हैदराबादचे, दोघं-तिघं पुण्याचे. सगळं बोलणं इंग्रजीत. मला इंग्रजी येतं, पण ते फळ्यावरचं. जेवताना कुणी विनोद केला तर मला तो घास गिळल्यावर कळायचा, आणि तोवर सगळे दुसऱ्या विषयावर गेलेले असायचे. नंतर मी डबा प्रयोगशाळेतच उघडायला लागलो. कुणी विचारलंही नाही, सर हल्ली दिसत नाहीत म्हणून.

आणि त्यांची ती मार्क द्यायची तऱ्हा! उत्तर चुकलं तरी रीत बरोबर असेल तर पाचपैकी चार. उत्तर बरोबर पण रीत नाही, तर एक. पहिल्या वर्षी मी डोक्याला हात लावला. मी म्हणालो, पूल पडला तरी इंजिनियरला चार मार्क देणार का? परीक्षांचं काम बघणाऱ्या मॅडम शांत बाई होत्या. त्या म्हणाल्या, "सर, पूल का पडला हे ज्याला सांगता येतं, त्याला आपण मार्क देतो." मी मनात म्हटलं, बोलायला काय जातंय.

त्या शाळेत माझ्याशी माझ्या बोलीत बोलणारं एकच माणूस होतं, आणि ते होतं दहावीतली एक मुलगी. उदगीरची. बापाचं गाद्या-रजयांचं दुकान, घराणंच पिंजाऱ्याचं. मामा परदेशात होता, तो तिची फी भरायचा, आणि ती वसतिगृहात राहायची. तीही माझ्यासारखीच बिचकून असायची. शाळेत आल्याच्या पहिल्याच आठवड्यात तिनं दारातून डोकं आत घालून विचारलं, "सर, काय करायलाव?" मी चकित होऊन बघत राहिलो. माझं आजोळ उदगीरकडचं. किती महिन्यांनी कुणी मला असं विचारलं होतं!

तेव्हापासून चार वाजता शाळा सुटली की ती यायची. शंका एक असायची आणि गप्पा दहा. अब्बाचं पिंजायचं मशीन कसं बिघडलं, पावसाळ्यात रुई कशी ओल धरते, गिऱ्हाईक जुनी गादी आणून नवी करून मागतं आणि वर म्हणतं, "आमचाच कापूस घाला बरं का, बदलू नका." मी हसायचो. चार ते पाच हा एक तास माझ्या दिवसाचा होता. बाकीचा दिवस शाळेचा.

दहावीला त्या पद्धतीत प्रत्येकानं स्वतः एक प्रयोग करायचा असतो. प्रश्न स्वतःचा, रीडिंग स्वतःची, आणि शेवटी आपलं कुठं चुकलं ते लिहायचं. शिक्षकानं तपासायचं आणि खाली सही करायची, की हे काम मुलाचंच आहे. त्या सहीला तिकडं फार किंमत. तिनं प्रश्न घेतला: नवा कापूस जास्त ऊब धरतो की जुना, पुन्हा पिंजलेला? मला फारच आवडला. दोन सारखे स्टीलचे डबे, दोन्हीत कढत पाणी, एकाला नवा कापूस गुंडाळायचा, एकाला जुना पिंजलेला, वजन दोन्हीचं सारखं. दर पाच मिनिटांनी थर्मामीटर बघायचा. अब्बानं दोन पिशव्यांत कापूस भरून पाठवला.

तीन दिवस तिनं रीडिंग घेतली, आणि चौथ्या दिवशी वही घेऊन माझ्यापुढं उभी राहिली. तोंड एवढंसं झालं होतं. जुन्या कापसातलं पाणी जास्त वेळ गरम राहिलं होतं. तिन्ही दिवस. तिसऱ्या दिवशी तर आकडे मध्येच उड्या मारत होते.

"सर, उलटंच आलंय."

"उलटं कसं येईल? जुन्या रजईत ऊब राहत नाही, हे लहान पोरालाही माहिताय. तुझंच काहीतरी चुकलंय."

"पण मी नीट बघितलं, सर."

आणि मग माझ्या तोंडून ते निघालं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते खोटं नाही. मी म्हणालो, "अगं माय, काय यायला पाहिजे ते आपल्याला माहीत आहे ना? मग तिथून मागं ये. आकडे बसव. मार्क जातील उगीच." तिनं आकड्यांवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाली, "हाव, सर." मी तिच्या वहीतलं ते पान स्वतःच्या हातानं फाडलं आणि टेबलाच्या खणात टाकलं. लिहिलेला कागद टोपलीत टाकायचा नाही, ही आईची शिकवण. तेवढी शिकवण मात्र मी पाळली!

आठवड्यानं तिनं प्रयोग लिहून आणला. दोन सुंदर वक्र रेषा, नवा कापूस वर, जुना खाली. मी खूश होऊन सही केली. खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं की मी त्या पोरीसाठी काहीतरी केलं.

त्या शाळेत मुलांचे प्रयोग शिक्षकांनी एकमेकांचे तपासायचे असतात, बाहेर पाठवायच्या आधी. शुक्रवारी दुपारी बैठक बसली. मॅडमनी तिचे कागद उचलले आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पाणी इतकं शहाण्यासारखं वागत नाही. हे आकडे बनवलेले आहेत." बनवलेले आकडे म्हणजे त्या पद्धतीत शून्य. नुसतं प्रयोगाला नाही, तर परीक्षा मंडळाकडं नाव जातं आणि सगळा विषय धोक्यात येतो. त्यांनी मुलीला बोलावून घेतलं.

ती आली आणि टेबलाच्या त्या टोकाला उभी राहिली. मॅडमनी सरळ विचारलं, "ही रीडिंग तू घेतलीस?"

तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. मी पेनचं टोपण लावत होतो, काढत होतो.

"मी बदलली, मॅडम," ती म्हणाली. "माझ्या मनानं. सरांना ठाऊक नव्हतं."

आणि मी, बावीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस, मूग गिळून बसलो. सोमवारी ठरवू, असं म्हणून मॅडमनी तिला पाठवून दिलं. ती गेली. मी पिशवी उचलली आणि नांदेडची गाडी पकडली.

बायकोला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. शनिवारी सकाळी ती भाकरी थापत होती आणि मी ओट्याशी उभा होतो, आणि तिथंच सगळं बोलून गेलो. तिनं तवा खाली उतरवला. मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ द्या, नोकरी महत्त्वाची.

"पोरगी शिकायला आली का तुम्हाला झाकायला?" ती म्हणाली. "आणि तुम्ही पेनाशी खेळून राहिले? पंधरा वर्षाच्या लेकराच्या आड लपून राहिले? शोभतंय का तुम्हाला?"

मला राग आला. मी म्हणालो, तुला काय माहीत तिथं मी कसा राहतो. चार दिवस कुणी माणूस बोलत नाही. एक ती पोरगी बोलायची.

"मग तिच्याशी असं वागायचं?" ती म्हणाली आणि पुढची भाकरी घेतली.

सोमवारी उतरल्या उतरल्या मी खणातलं पान काढलं. घडी पडली होती, पण तिचे आकडे स्पष्ट होते, निळ्या शाईत, तारखेसकट. मी ते मॅडमच्या टेबलावर ठेवलं आणि इंग्रजीतच सांगितलं, चुकतमाकत, की पान मी फाडलं, आकडे बसवायला मी सांगितलं, ती शुक्रवारी खोटं बोलली ते माझ्यासाठी. मॅडमनी पान दोनदा वाचलं. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हे पान तुम्ही ठेवलंत म्हणून बरं," त्या म्हणाल्या. कागद पाठवायला अजून दहा दिवस होते. त्या पानावरून मुलीनं प्रयोग पुन्हा लिहावा, दुसऱ्या शिक्षकांच्या देखरेखीखाली, असं ठरलं. आणि माझी सही यंदा कुणाच्याच प्रयोगावर चालणार नाही, असंही. ते त्यांनी हळू आवाजात सांगितलं. वर्गावर मी राहिलो. सगळ्यांना कळलं होतं, पण कुणी काही बोललं नाही. तसंही ते माझ्याशी कधी बोलत होते?

ते दहा दिवस मी चार वाजता प्रयोगशाळेचं दार उघडं ठेवून बसायचो. ती यायची नाही. तिला दुसऱ्या सरांकडं बसायचं होतं, हे मला माहीत होतं. तरी मी बसायचो. मनाशी म्हणायचो, दहा दिवस संपले की येईल.

पाठवायच्या आदल्या दिवशी सगळे प्रयोग माझ्या कपाटात ठेवायला आले, कारण कुलूप माझ्याच कपाटाला नीट लागायचं. मी तिचा काढला. वाचायला नको होता, पण वाचला. पहिल्यांदाच मला ती रीडिंग नीट समजली. तिनं लिहिलं होतं की वजन सारखं घेतलं ही तिची चूक. नवा कापूस गाठीतून दाबलेला आला होता. जुना मात्र अब्बानं पाठवायच्या दिवशी सकाळीच पिंजला होता, म्हणून तो फुलला, त्यात हवा जास्त अडकली, आणि ऊब हवा धरते, कापूस नाही. वजनाऐवजी दोन्हीची जाडी सारखी घ्यायला हवी होती. तिसऱ्या दिवशी पंखा चालू राहिला होता. पिंजाऱ्याच्या पोरीला जे हातानं कळलं होतं, ते मला बावीस वर्षांच्या फिजिक्सनं कळलं नव्हतं. त्या पानावर सगळं होतं, आणि ते मी खणात टाकलं होतं.

शेवटी चुकांची यादी होती. पहिली वजनाची, दुसरी पंख्याची, तिसरी थर्मामीटर डब्याला टेकल्याची. चौथी तिनं अशी लिहिली होती: मी माझे आकडे बदलले होते, कारण सांगणाऱ्याला माझ्यापेक्षा जास्त येतं असं मला वाटलं. खाली सुधारणा लिहायची जागा असते. तिथं लिहिलं होतं: पुढच्या वेळी मी थर्मामीटरवर विश्वास ठेवीन. दुसऱ्या सरांनी त्या ओळीपुढं बरोबरची खूण केली होती. मीही केली असती. कागद परत जागेवर ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी सगळं पाठवून झालं. दुपारी व्हरांड्यात ती समोरून आली, हातात पुस्तकं होती. मी थांबलो. आता विचारेल, काय करायलाव म्हणून. तिनं मान झुकवली आणि इंग्रजीत म्हणाली, "गुड आफ्टरनून, सर."

मीही म्हणालो, "गुड आफ्टरनून."