हात लावू नका

आक्कांसमोर अंदाज सांगायची सोय नव्हती. ऑफिसात कुणी "बहुतेक केबल असेल" म्हणालं, की त्या चष्म्यावरून बघायच्या. "बहुतेक म्हंजे? ट्रेस दाखव की." ट्रेस म्हणजे प्रोग्रॅमने चालता चालता मागे ठेवलेल्या खुणा: इथे आलो, हे वाचलं, इथे थांबलो. त्या नसतील तर तुमचं मत आणि टपरीवरचं मत आक्कांच्या लेखी सारखंच.

मंगळवार पेठेतल्या आमच्या ऑफिसात डेअऱ्यांसाठी दुधाचं फॅट मोजणारी मशीन तयार व्हायची. त्यातलं कर्नल मॉड्यूल, म्हणजे चालत्या ऑपरेटिंग सिस्टिमला जोडता-काढता येणारा तुकडा, आक्कांनी लिहिलेलं. गारगोटीजवळच्या एका डेअरीत मशीन ऐन संकलनात अडकू लागलं. डेअरीने निर्वाणीचं सांगितलं: नीट करा, नाहीतर उचला.

आक्कांनी ट्रेस चालू केला आणि मशीन शहाण्यासारखं वागू लागलं. खुणा लिहिण्यात मॉड्यूल मंदावायचं, आणि बिघाड लपून बसायचा. आमच्या साहेबांच्या टेबलावर सन्मानचिन्हांमुळे लॅपटॉपला जागा नसे. त्यांनी लगेच विजय जाहीर केला. "ट्रेस कायमच चालू ठेवू!"

"साहेब, थर्मामीटर लावल्यावर ताप उतरला, म्हणून तो काखेत धरूनच हिंडायचं व्हय?"

मग आक्कांनी खुणा बाहेर न लिहिता मेमरीतच साठवल्या. वेग पूर्ववत झाला, मशीन पुन्हा अडकू लागलं. बिघाडाचं इतक्या आनंदाने स्वागत करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. पण मशीन अडकलं, की डेअरीचे सेक्रेटरी पहिल्यांदा बटण बंद-चालू करायचे, आणि साठवलेलं सगळं पुसलं जायचं. शेवटी आक्का मला घेऊन तिथेच जाऊन बसल्या.

सकाळच्या गर्दीत मशीन अडकलं. सेक्रेटरींचा हात बटणाकडे गेला.

"हात लावू नका!"

"अवो आक्का, दूध नासंल की!"

"जुन्या पद्धतीनं मोजा. ह्याला हाय तसं राहू दे."

रांगेतून एकजण ओरडला, "पावणं, आमची म्हस अडली तर लाथ मारून सांगती तरी!"

"तेच शिकवाय लागलोय ह्याला," आक्का म्हणाल्या. रांग हसली आणि थांबली.

लॅपटॉप जोडून त्यांनी ट्रेस काढला, आणि वरपासून दोनदा वाचला. एक आकडा घेताना दुसरा मध्ये घुसू नये म्हणून मॉड्यूल आतून कडी घालायचं; दोन आकडे एकदम आले, की ती स्वतःच घातलेली कडी काढायला विसरत होतं. तेवढ्यात साहेबांचा फोन आला: गावची वीज खराब आहे असं सांगून टाका, नाहीतर मशीन परत येईल. आक्कांनी फोन ठेवला आणि सेक्रेटरींना म्हणाल्या, "वीज चांगली हाय. चूक माझी हाय. मीच लिहिलेली."

सेक्रेटरींनी जरा विचार केला. "मग नीट कोण करणार?"

"मीच की."

"मग ऱ्हाऊ दे मशीन."

मागच्या वर्षी आक्का गेल्या. शोकसभेत साहेब बराच वेळ बोलले. एकाही वाक्याला ट्रेस नव्हता.

परवा सकाळी सेक्रेटरींचा मला फोन आला. मागे किटल्यांचा खणखणाट चालला होता.

"मशीन अडकलंय. बटणाला कुणाला शिवू दिलं न्हाय. जुन्या पद्धतीनं मोजाय लागलोय. तुम्ही सावकाश या."