दुर्बिणीत सापडलेला बादलीवाला

आमच्या नगर जिल्ह्याला समुद्र नाही, हे भूगोलाच्या पेपरात बरोबर. पण मार्च लागला की जायकवाडीचं फुगलेलं पाणी मागे सरकतं, लांबच लांब चिखल उघडा पडतो, आणि तोच आमचा किनारा. थंडीचे पाहुणे पक्षी परतायच्या आत एक चक्कर मारू, असं रियाजने ठरवलं. रियाजचं नगरात दुचाकीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. पक्ष्यांचं वेड मला त्यानेच लावलं. मी रिटायर्ड शिक्षिका. तीस वर्षं परीक्षेत कॉप्या पकडल्या, त्यामुळे स्वभाव संशयी झालाय, हे आधीच सांगून टाकते.

पहाटे पाचला सावेडीतून निघालो. संभाजीनगरचा रस्ता धरायचा आणि नेवासा फाट्याच्या आसपास पोटाला आधार करून घ्यायचा, कारण आत काही मिळत नाही. पोहे पंचवीस रुपये, वर मूठभर शेव. मला ते कालचे वाटले. रियाज म्हणाला, ताई, वाफ निघतेय त्यातून, खा मुकाट. फाट्यावरून आत वळलं की डांबर चांगलं आहे, शेवटचे दोन किलोमीटर मात्र उसाच्या ट्रॉल्यांनी पार खोदून ठेवलेत, छोटी गाडी खालून घासते. पाणी घरून न्या, टोपी न्या. फोनची रेंज शेवटच्या वस्तीपाशीच जाते.

पण पोचल्यावर काय दिसलं म्हणून सांगू! कोवळ्या उन्हात दीडेकशे पट्टकादंब काठावर चरत होते. हिमालय ओलांडून येणारी ही मोठी, करड्या अंगाची पाखरं, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. त्यांच्यामागे चक्रवाक, थापट्या बदकं, आणि खूप लांब रोहितांची, म्हणजे फ्लेमिंगोंची, गुलाबी ओळ. रियाजने मोजून दोनशे रोहित सांगितले. मी पुन्हा मोजले, एकशे ऐंशीच भरले. मला फार आनंद झाला, आणि लगेच वाटलं, इतकं सगळं सुरळीत कसं चाललंय?

तेवढ्यात तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीत एक माणूस आला. पन्नाशीचा, डोक्याला उपरणं, एका हातात बादली. दुसऱ्या हाताला त्याने प्लॅस्टिकची निळी पिशवी मनगटापाशी सुतळीने बांधली होती. त्या हाताने तो काठावर दाणे फेकत होता, आणि पट्टकादंब त्या दाण्यांकडे चालत निघाले होते.

विष! मला दुसरं काही सुचलंच नाही. विषारी दाणे टाकून पक्षी मारतात, हे वाचलेलं होतं. नाहीतर हाताला पिशवी कशाला? मी फोटो काढला, आमच्या पक्षीमित्रांच्या ग्रुपवर टाकला, सोबत ठिकाणाची खूण आणि खाली ओळ: ‘पट्टकादंबांना विष घालतायत, कोणीतरी लवकर या.’ रेंज नव्हती, मेसेज अडकून राहिला. रियाज म्हणत होता, आधी जाऊन विचारू तरी. मी म्हटलं, कॉपी करणारा विचारल्यावर कधी हो म्हणतो का?

तरी गेलो. तर तोच आमच्याकडे संशयाने बघत उभा. “मोजनीला आलाय व्हय?” त्याने दुर्बिणीच्या तिपाईकडे बोट दाखवलं.

मग उलगडा झाला. पाणी हटलं की उघड्या पडलेल्या गाळात इथले लोक पेरतात, त्याला गाळपेर म्हणतात. जमीन सरकारची, पीक यांचं. तीन पायांचं यंत्र घेऊन कोणी आलं की यांना वाटतं, जमीन मोजून काढून घेणार. या बादलीवाल्यालाही, सोपानभाऊंना, तेच वाटलं होतं. मी दाण्यांबद्दल विचारलं, तर त्यांनी बादलीतले चार दाणे उचलून सरळ तोंडात टाकले आणि चावत म्हणाले, “मळणीचा हलका गहू हाय. हितं खाल्लं तर ती माज्या हरभऱ्यात येत न्हाईत.” पिशवी होती ती जखमेवर. मोटरच्या पट्ट्यात बोट सापडलं होतं.

रियाजने त्यांना दुर्बिणीतून बघायला दिलं. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. इतकी वर्षं ही पाखरं हाकलली, पण डोक्याला पट्टे असतात हे कधी बघितलंच नव्हतं, म्हणाले. मग त्यांनी हरभऱ्याचा हुळा भाजला आणि आम्ही तिघांनी तोंडं काळी करून घेतली. मागे धरणाचं पाणी उपसणारी मोटर घरघरत होती. त्यांच्या कांद्याला अजून दोन पाणी लागणार होती, आणि मोटर बिनपरवान्याची होती, हेही त्यांनीच सांगितलं. करकोचे उतरले की कळवतो म्हणून माझा नंबर घेतला.

निघताना त्यांनी विचारलं, “बाई, फोटोबिटो न्हाई ना काढला? मोटर दिसंल त्यात.”

“नाही,” मी म्हणाले. लाज वाटली म्हणून म्हणाले. रेंज आल्यावर आधी तो मेसेज पुसायचा, असं ठरवलं होतं. रियाजने तिपाई उचलली आणि गाडीकडे चालू लागला.

आणि परतीच्या वाटेवर मला झोप लागली. फाट्यावर फोन खणखणायला लागला तेव्हा जाग आली. मेसेज गेला होता, आणि दोघांनी तो ‘योग्य ठिकाणी’ पाठवलाही होता. मी पुसला, गैरसमज झाला असं लिहिलं, त्यावर चार अंगठे आले. माझं खरं कोणी पुढे पाठवलं नाही.

म्हणून या वेळी ठिकाणाचं नाव देत नाही. कमेंटमध्ये विचारू नका.

पाचव्या दिवशी सोपानभाऊंचा फोन आला. मला वाटलं, करकोचे उतरले. “सरकारी जीप आल्ती,” ते म्हणाले. “विष हुडकत हुते. विष कुटलं घावतंय, मोटर घावली. नेली उचलून.” कांद्याचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, बघू. मग म्हणाले, “गाव म्हनतंय, त्या दुर्बिनवाल्या बाईनंच फोटो धाडला. मी म्हनलं, न्हाई. मी बाईंना तोंडावर इचारलंय.”

मी तेव्हाही ‘हो, मीच’ असं म्हणाले नाही. उद्या पहाटे पुन्हा त्याच रस्त्याने निघतेय. दुर्बीण घरीच ठेवणार आहे.