ऊन नव्हे, उन्हाळी

आमच्या काळी पोरं दिवसभर उन्हात हुंदडायची आणि त्यांना काही होत नव्हतं, असं सांगणाऱ्या म्हाताऱ्या खोटं बोलतात. व्हायचं. तापानं फणफणायची, नाकातून रक्त यायचं. म्हणून नात महिनाभर राहायला आली तेव्हा मी आधी घराकडं बघितलं. आमचं घर पत्र्याचं. मे महिन्यात दुपारी आत बसलं की भाकरीसारखं भाजून निघतं.

नात तिसरी पास झालेली, पुण्यात राहणारी. सून तिला सोडायला आली आणि जाताना उंबऱ्यातच म्हणाली, "अहो आई, हिला एकदा जरी ऊन लागलं ना, तर त्याच दिवशी घेऊन जाईन."

पोरीनं ते ऐकलं. सून फाट्याकडं गेल्यावर मला म्हणाली, "आज्जी, मला ऊन लागू देऊ नकोस हं. मला इथंच राहायचंय." पुण्यात तिला चौथ्या मजल्यावरचं घर, पंखा आणि मोबाईल. इथं शेळीचं करडू होतं आणि शेजारची चार पोरं होती. तिचं म्हणणं मला पटलं.

पत्र्यावर कडबा अंथरून घेतला. दारंखिडक्यांना पोत्यांचे पडदे लावले. सकाळी ऊन चढेपर्यंत पोरांनी काय धिंगाणा घालायचा तो घालावा. अंगणातल्या लिंबाची सावली बुडाशी गोळा झाली की सगळ्यांनी घरात यायचं. आत आल्यावर गप्प कोण बसतंय? म्हणून पडदे त्यांच्याच ताब्यात दिले. पोतं कोरडं दिसलं की ज्याची पाळी असेल त्यानं तांब्या घेऊन पळायचं आणि ओलं करायचं. पाणी भांडी विसळलेलं, चांगलं नव्हे. निम्मं पोत्यावर पडायचं, निम्मं एकमेकांच्या अंगावर.

"पडदा भिजवताय का वरात काढताय?" मी ओरडायची. पोरं खिदळायची. वारा आला की ओल्या पोत्यातून असा गार यायचा की माझाही डोळा लागायचा. उरलेल्या वेळात चिंचोक्यांचा डाव आणि त्यावरची भांडणं. संध्याकाळी पुन्हा बाहेर, अंधार पडेपर्यंत लपाछपी.

मग कुरडया घातल्या. पहाटे चीक शिजवला, पोरांनी तो दूध-साखर घालून वाट्या भरून खाल्ला आणि कुरडया अंगणात वाळत पडल्या. कावळे हाकलायचं काम नातीनं मागून घेतलं. लिंबाखाली काठी घेऊन बसली. काम इतकं मन लावून केलं की पाणी प्यायचंच विसरली. दुपारी तोंड वाकडं करून आली.

"आज्जी, शू करताना जळजळतंय."

"मग जळंल न्हायतर काय? उन्हाळी लागली तुला. पाणी प्यायचं सोडून कावळं हाणत बसलीस."

तिला धन्याचं पाणी दिलं, खडीसाखर घातलेलं. वर ताक. आणि नियम केला, एक कावळा हाकलला की एक फुलपात्र पाणी. दिवेलागणीपर्यंत पोरगी बरी झाली. त्या दिवशी कावळेही लई आले.

संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला. मी शेळीची धार काढत होते. पोरगी फुशारकीनं ओरडली, "मम्मी, मला उन्हाळी लागली होती! पण आज्जीनं बरी केली!" आणि आमच्याकडची रेंज, ती नेमकी तेव्हाच गेली ती आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही अशा वेळी, सून अंगणात उभी. येरमाळ्याला बसमधून उतरली आणि रिक्षाची वाट न बघता चालत आली. डोक्याला काही नाही, जवळ पाण्याची बाटली नाही. तोंड लालबुंद.

"अहो आई, हिला ऊन लागलं आणि तुम्ही मला कळवलंही नाही? चल गं, बॅग भर."

पोरीचं तोंड एवढंसं झालं.

"ऊन न्हाय लागलं तिला," मी म्हणाले. "उन्हाळी लागली व्हती."

"एकच ना ते?"

"एक कसं? उन्हाळी म्हंजी लघवीला जळजळतं. पाणी कमी पडलं की व्हतं. ऊन लागलं की मानूस चक्कर येऊन पडतंय."

एवढं ऐकून सूनबाईंनी कपाळाला हात लावला आणि दारातच मटकन खाली बसल्या. शेजारचा बारका डोळे मोठे करून म्हणाला, "काकू, ऊन तर तुमालाच लागलंय की!"

मी उठेपर्यंत पोरांनी तिला धरून आत नेलंसुद्धा. एकानं माझा पंचा भिजवून तिच्या डोक्यावर ठेवला, एकीनं पाय ओले केले. नातीनं मीठ-साखरेचं पाणी आणलं. सून गटागटा प्यायला लागली तसा तिनं पेला ओढला. "घोट घोट पी. आज्जी रागावते." बाकीची पोरं पडद्यांवर तांब्यांनी पाणी मारत सुटली. त्या दिवशी पोती टिपकत होती.

सून पडल्या जागी झोपली. ऊन कलल्यावर उठली, ताक प्याली आणि पडद्याकडं बघत बसली. "घरात किती गार आहे हो," म्हणाली.

"मम्मी," नात लांबूनच म्हणाली, "ज्याला ऊन लागेल त्यानं त्याच दिवशी पुण्याला जायचं असं ठरलंय ना? मग तू जा. मी राहते."

सून हसली. मीही हसले, उगाच कशाला खोटं सांगू? तेवढ्यात बारक्यानं तिच्या हातात तांब्या दिला. "काकू, पडदा सुकला. तुमची पाळी."

गेली बिचारी पळत. निम्मं पाणी पोत्यावर, निम्मं बारक्यावर.

दोन दिवस राहिली आणि सकाळच्या पहिल्या बसनं एकटीच निघाली. डोक्याला ओढणी घट्ट बांधली होती. बस हलताना नातीनं खिडकीतून पाण्याची बाटली आत दिली आणि बजावलं, "घोट घोट."