वर्सोव्याच्या कोल्ड रूममधलं कंट्रोल-सी

"त्याला पाठवू नका. तो येऊन गेला का मशीन बसते," एवढं बोलून जयवंतीताईंनी फोन ठेवला.

जयवंतीताई वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या, मासळीचा धंदा घरचाच. त्यांच्या कोल्ड रूमचं तापमान सांभाळणारं छोटं यंत्र आमच्या मरोळच्या कंपनीने बसवलं होतं. त्या आमच्या पहिल्या गिऱ्हाईक. 'तो' म्हणजे संदेश, आमचा सर्व्हिस टेक्निशियन. अधूनमधून जाऊन सेन्सर साफ करायचा आणि सेटिंग तपासायचं, हे त्याचं काम. तो येऊन गेला की कॉम्प्रेसर बंद. एरवीही कॉम्प्रेसर थांबत थांबत चालतो, त्यामुळे लगेच कुणाच्या लक्षात येत नसे. ताईंनी मेन स्विच बंद करून पुन्हा लावला की सगळं सुरळीत, ते संदेशच्या पुढच्या भेटीपर्यंत. या वेळी ताई बाजारात होत्या. परत येईपर्यंत आतलं पापलेट खराब झालं होतं.

दामले सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, निकाल देऊन टाकला. यंत्र एरवी उत्तम चालतं, संदेशचा हात लागला की बिघडतं, तेव्हा त्याला काढायचं. संदेश समोरच उभा होता. दिंडोशीच्या घरात कमावणारा तो एकटा. मला सरांचा मनापासून राग आला, पण हातात पुरावा काहीच नव्हता. यंत्रातले प्रोग्राम मी बघते, म्हणून एवढंच म्हटलं, की एकदा त्याच्याबरोबर जाऊन येते, मग काय ते ठरवा.

इथे थोडं समजावून सांगते. यंत्राच्या पोटात एक बारका कॉम्प्युटर असतो. टेक्निशियन आपला लॅपटॉप केबलने त्याला जोडतो आणि कमांड टाइप करतो. ती कमांड वाचून काम करून घेणारा प्रोग्राम म्हणजे शेल. तयार शेल मिळतात, पण त्यांत एखाद्या चुकीच्या कमांडने सगळं पुसलं जाऊ शकतं. म्हणून सरांनी सी भाषेत स्वतःच एक साधं शेल लिहिलं, मोजक्याच कमांडचं. ओळ वाचायची, शब्द सुटे करायचे, मग फोर्क करायचं, म्हणजे शेलने स्वतःची एक प्रत काढायची. ती प्रत सांगितलेला प्रोग्राम चालवते आणि मूळ शेल ती संपायची वाट बघतं. पण कमांडच्या शेवटी एक खूण टाकली तर शेल वाट बघत नाही, काम मागे चालू राहतं. सरांना या शेलचं भारी कौतुक. ऑफिसात कुणी नवीन आलं की आधी शेल, मग चहा.

मी वर्सोव्याला संदेशच्या शेजारी स्टूल टाकून बसले आणि त्याला म्हटलं, नेहमी करतोस तसंच कर. त्याने सेन्सर पुसला. कॉम्प्रेसर चालवणारा कूलिंगचा प्रोग्राम नव्याने सुरू करून मागे सोडला. सगळं ठीक चाललंय ना ते बघायला लॉग, म्हणजे तापमानाची चालती नोंद, लावला. स्क्रीनवर आकडे पळू लागले. समाधान झाल्यावर लॉग थांबवायला त्याने कंट्रोल-सी दाबलं आणि केबल काढायला हात घातला.

"थांब," मी म्हटलं. "आता काय काय चालू आहे ते दाखव."

यादीत लॉग नव्हता, ते बरोबरच. पण कूलिंगचा प्रोग्रामही नव्हता.

कंट्रोल-सी दाबलं की 'थांबा' हा निरोप एकट्या प्रोग्रामला जात नाही, समोर चाललेल्या प्रोग्रामांच्या अख्ख्या गटाला जातो. सरांच्या शेलने सगळी कामं एकाच गटात ठेवली होती. एका खोलीत दोघं झोपलेत आणि दारातून कुणी "उठा" म्हणालं, तर दोघंही उठणार. ऑफिसात हे कधीच दिसलं नाही, कारण आम्ही दोन खिडक्या उघडून बसायचो. एकीत प्रोग्राम, दुसरीत लॉग. कोल्ड रूममध्ये संदेशकडे केबल एक, म्हणून खिडकीही एकच.

ऑफिसात येऊन सरांना सांगितलं, की घोळ शेलमध्ये आहे.

"शेल मी लिहिलंय, वैशाली."

"हो सर."

टेबलावरच्या यंत्राला एकच केबल लावून त्यांनी सगळं स्वतः करून पाहिलं. मग दुसऱ्यांदा.

"कूलिंगला मारलं कुणी?"

"तुम्हीच, सर."

सरांनी कीबोर्ड जवळ ओढला. प्रत्येक कामाला वेगळा गट द्यायचा आणि टर्मिनल, म्हणजे कीबोर्ड आणि स्क्रीन, फक्त समोरच्या गटाच्या हाती ठेवायचं, एवढाच बदल. थोड्याच ओळी होत्या. त्यांनी मला हातही लावू दिला नाही. मग संदेशला बोलावून सगळ्यांदेखत म्हणाले, "चूक माझी होती रे. तुझी नव्हती." मला फार बरं वाटलं.

नवं शेल बसवायला वर्सोव्याला सर स्वतः आले, नाहीतर ताईंनी संदेशला आत घेतलंच नसतं. मग संदेशने सगळं तसंच केलं, कंट्रोल-सीसुद्धा. केबल काढली. ताईंनी मात्र कुणाला हलू दिलं नाही. कॉम्प्रेसर थांबला तेव्हा त्यांनी सरांकडे असं काही बघितलं की सर रुमाल शोधू लागले. थोड्या वेळाने कॉम्प्रेसर आपसूक पुन्हा सुरू झाला. मग ताई म्हणाल्या, "आता ह्यालाच पाठवा. दुसरा नको."

हल्ली कुठलंही यंत्र बाहेर पडण्याआधी त्याची तपासणी संदेश करतो आणि सर मागे हाताची घडी घालून उभे असतात. मी यातून एक शिकले. यंत्र तपासायचं तर वापरणाऱ्याच्या स्टुलावर बसून तपासावं. आपल्या खुर्चीत ते नेहमीच चालतं.